सातशे नव्हे, नव्वद

पत्रात लिहायचं काहीच उरलं नव्हतं. तारीख होती, विषय होता, "सदर चूक माझ्या हातून झाली असून मला मान्य आहे" हे वाक्यही साहेबांनी आयतं टाइप करून दिलं होतं. तळाशी सहीपुरती एक रेघ तेवढी मोकळी होती. मीटरबाईनं त्या पत्राच्या चार घड्या घातल्या, सोल्डरच्या तारेच्या रिळाखाली ते दडपलं, आणि त्या दिवसापासून त्या रिळाला हात लावायचं सोडलं. तारेवाचून अडलं तेव्हा तिनं दुसरं रीळ फोडलं.

मीटरबाई हे नाव तिला रुग्णवाहिकांच्या ड्रायव्हरांनी दिलेलं. विभागाच्या चाळीस गाड्या आणि प्रत्येक गाडीत एक वायरलेस सेट. सेट आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बसलेला असला तर बोलणं स्वच्छ ऐकू येतं. तो सरकला की माणूस तोंडात पाण्याची गुळणी धरून बोलतोय असं वाटतं. सरकलेले सेट परत जागेवर बसवायचं काम सहा वर्षं तिच्याकडे होतं. कुठल्या कॉलेजात न जाता, आधी घरचा रेडिओ बिघडवून आणि मग शेजाऱ्यांचे सुधारून ती हे शिकली होती.

आता विभागात नवीन तपासणी साहेब आले होते. त्यांच्याकडे मोठं मशीन होतं, मशीनवर मोठं सर्टिफिकेट. त्यांनी बारा सेट मोजले आणि बाराच्या बारा सातशे हर्ट्झनं चुकलेले निघाले. पाचशेच्या आतली चूक नियमात चालते, सातशेची चालत नाही. पत्रावर सही झाली की मान्यताप्राप्त दुरुस्तीवाल्यांच्या यादीतून तिचं नाव जाणार होतं आणि सेट बाहेरची एक कंपनी घेऊन जाणार होती. मुदत सोमवारपर्यंत.

"पण साहेब, सगळ्या गाड्या एकमेकींशी नीट बोलतात की," ती म्हणाली होती.

"बोलणारच. सगळ्या सारख्याच चुकल्यात," साहेब म्हणाले होते. "तुमचं मोजायचं यंत्रच खोटं असेल, तर चाळीसही सेट त्याच खोट्यावर बसणार. पटतंय का?"

तिला पटलं होतं. तीच तर पंचाईत होती. साहेब उर्मट बोलले असते तर घरी येऊन चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. पण ते बोलले ते बरोबर होतं. तिचा फ्रिक्वेन्सी मोजायचा काउंटर तिनं स्वतः जुळवलेला, त्यावर बसवलेले सेट त्याच काउंटरवर तपासलेले. खोटं असलंच तर ते तिला कधीच कळणार नव्हतं.

"माझं असंच झालेलं," वन्सं म्हणाल्या. वन्सं म्हणजे तिची नणंद. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीकडचा अर्धा भाग वन्संच्या शिलाई मशीनचा, भिंतीकडचा अर्धा मीटरबाईच्या टेबलाचा. मधे खडूनं रेघ मारलेली नव्हती, पण वन्संची टाचणी किंवा हिचा स्क्रू हद्द ओलांडून गेला की दिवसभर ऐकून घ्यावं लागे. "माझी मापाची टेप ओढून ओढून लांबली होती. वर्षभर मला पत्ता नाही. त्याच टेपनं मोजायचं, त्याच टेपनं कापायचं. कपडे बसायचे झक्क. मग एका बाईनं दुसऱ्या शिंप्याकडची मापं आणली, आणि मी म्हटलं, बाई गं, तू एका आठवड्यात इतकी सुटलीस कशी."

"मग काय केलंत?"

"दुकानातून नवी टेप आणली."

"माझी टेप दुकानात मिळत नाही, वन्सं."

खरं म्हणजे ती भंगारात मिळते, हे तिला दोनच दिवसांनी कळलं. भंगारवाल्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बंद पडला होता. "करताना जरा माझ्या बाजूनं कर," तो म्हणाला. तिनं तो बरोबर केला. त्यानं वजन टाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. मेहनतान्याचं विचारलं तेव्हा तिनं त्याच्यामागच्या ढिगात बोट दाखवलं. टेलिफोन कंपनीचा जुना टॉवर पाडला होता, त्याच्या कपाटांतून निघालेला माल. त्यात जाडजूड पुस्तकाएवढी एक पेटी होती, वजनाला वीट. लेबल अर्धं फाटलेलं, उरलेल्या अर्ध्यावर एकच शब्द धड होता, रुबिडियम.

या धातूचं नाव तिनं एकदा वाचलं होतं. त्याची चिमूटभर वाफ काचेच्या कुपीत भरून तापवतात. त्या वाफेतले अणू एका ठरलेल्या तालाला, आणि त्याच एका तालाला, ओ देतात. पेटीतलं सर्किट आपला ताल त्यांच्याशी जुळवून घेतं आणि बाहेर सेकंदाला बरोबर एक कोटी हेलकावे सोडतं. कमी नाही, जास्त नाही. अणूला साहेब कळत नाही आणि मीटरबाईही कळत नाही. तिला असाच तिसरा माणूस हवा होता.

पेटीबरोबर पुस्तक नव्हतं. मागच्या बाजूला नऊ पिनांचं एक सॉकेट, कुठली पिन कशाची याचा थांगपत्ता नाही. चुकीच्या पिनेवर वीज गेली की संपला खेळ. पेटी दुसरी नव्हती आणि सोमवारही दुसरा नव्हता.

तिनं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि दोन दिवस नुसती वाटा शोधत बसली. एका पिनेची पट्टी सगळ्यांत रुंद, ती थेट जाड जाड भागांकडे जाते, म्हणजे मुख्य वीज इथून. तिच्याशेजारचे कपॅसिटर पंचवीस व्होल्टचे, म्हणजे आत येणारे पंधराएक असणार, कारण शहाणा बनवणारा एवढी फट ठेवतो. दुसरी बारीक पट्टी छोट्या चिपांकडे, त्या पाच व्होल्टवाल्या. तिसरी पेटीच्या अंगाला चिकटलेली, म्हणजे विजेची परतीची वाट. चौथी चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून येणारी, त्यावरूनच ते एक कोटी बाहेर पडत असणार. एका पिनेशी फक्त एक ट्रान्झिस्टर. ती काहीतरी सांगायला ठेवलेली, ताल जुळला की नाही ते. तिथं तिनं छोटा दिवा जोडला.

"कुणाच्या तरी घरात शिरून कपाटं उघडल्यासारखं चाललंय तुझं," वन्सं म्हणाल्या.

"मालकानं किल्ल्या दिल्या असत्या तर नसती उघडली."

शुक्रवारी सकाळी तिनं वीज दिली. दिली ती मास्तरांच्या पद्धतीनं. मास्तर म्हणजे तो म्हातारा दुरुस्तीवाला, ज्यानं तिला टेबलापाशी उभं राहू दिलं होतं, बसायला मात्र कधी स्टूल दिलं नव्हतं. त्याचा एक नियम होता: अनोळखी मशीनला अर्ध्या अँपिअरच्या वर द्यायचं नाही. पॉवर सप्लायवर तेवढी मर्यादा लावायची आणि डोळे अँपिअरच्या काट्यावर ठेवायचे. आत काही जळायला लागलं तर तो काटा आधी सांगतो. व्होल्टच्या काट्याकडे मास्तर बघतच नसत, कारण त्यांच्या सप्लायचा तो काटा कायमचा मोडलेला होता. मीटरबाईच्या सप्लायचा चांगला होता. पण सवय मास्तरांची, म्हणून त्या काचेवर ती गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या चिकटवायची.

दिवा लागला. काउंटरवर आकडे आले, एक कोटीच्या आसपासचे. तिला हायसं वाटलं. पण आकडे थांबेनात. हळूहळू चढायचे, एका ठिकाणी जाऊन वळायचे, परत उतरायचे, परत चढायचे. अंधाऱ्या जिन्यात कुणीतरी भिंत चाचपत वर-खाली करतंय आणि बटण सापडत नाहीये, तसं.

दुपार झाली तरी चाचपणं चालूच. संध्याकाळीही तेच.

रात्रीच्या जेवणाला नवरा आला. तो विभागातच रुग्णवाहिका चालवायचा. तिच्या आधी दहा वर्षं लागलेला, तरी आता कँटीनमध्ये त्याला बायकोवरून टोमणे बसत होते. त्यानं पेटीकडे पाहिलं, मग रिळाखालच्या पत्राकडे.

"लागतंय का काही?"

"हिंडतंय."

"अगं, करून टाक ना सही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "एक कागद तर आहे. बाहेरची कामं काय कमी आहेत तुला? साहेबाशी कशाला वाकडं घ्यायचं? उद्या मला त्याच्याच हाताखाली गाडी काढायचीय."

"चूक माझी असेल तर सोमवारी पहिली सही मी करीन. आहे की नाही ते मला कळू दे."

"आणि नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर तुम्ही म्हणाल तसं. पण सही तुम्ही करायची, माझ्या नावानं."

"वा," तो म्हणाला. "खोट्या सहीचं बालंटही माझ्यावर." पण हसला, आणि पत्राचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

शनिवार तसाच गेला. पेटी रात्रंदिवस चालू, दिवा जळतोय, आकडे हिंडतायत. पेटी मेली आहे, असं तिनं जवळजवळ ठरवलं. टेलिफोन कंपनीनं चांगली वस्तू भंगारात कशाला टाकली असती? तिनं काखा वर करायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

रविवारी सकाळी केर काढताना तिनं पेटी उचलून बाजूला ठेवली, आणि हात तसाच राहिला. पेटी कोमट होती. दोन दिवस चालू असलेली, पोटात भट्टी असलेली पेटी, आणि हाताला लागत होती निवलेल्या चहाच्या कपाएवढी.

"वन्सं, तुमची इस्त्री दोन दिवस चालू ठेवली तर काय होईल?"

"दादा घराबाहेर काढेल."

"ती कोमट राहील का?"

"कोमट राहिली तर ती इस्त्री कसली."

मीटरबाई पॉवर सप्लायसमोर बसली. अँपिअरचा काटा अर्ध्यावर शहाण्यासारखा उभा होता, जरा हलत नव्हता. दोन दिवस त्या न हलण्यावर ती खूश होती. तिनं व्होल्टच्या काचेवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. एक मिक्सर, दोन टेबलफॅन, एक कुणाच्या तरी कानाचं यंत्र. खालचा काटा दिसला. पंधरावर असायला हवा होता तो सातावर लोळत होता.

तिनं डोक्याला हात लावला. पेटीला भट्टी तापवायला भरपूर वीज लागत होती. ती मागत होती, आणि सप्लाय अर्ध्या अँपिअरला मूठ आवळून बसला होता. मूठ आवळली की व्होल्ट खचणारच. भट्टी तापेना, वाफ होईना, अणू ओ देईनात, आणि सर्किट बिचारं त्यांना हाका मारत जिन्यात फिरत राहिलं. पेटीत दोष नव्हता. मीटरबाई तिला दोन दिवस उपाशी ठेवून वर तिलाच मेली म्हणत होती.

तिनं मर्यादेच्या बटणावर बोटं ठेवली. मास्तरांना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण या बटणाला हात लावला की ते अजून मागं येऊन उभे राहत. तिचा हिशोब चुकला असेल, एखादी पिन भलतीच असेल, तर आता धूर निघणार होता.

"मास्तर," ती मनात म्हणाली, "आता हिला बसायला स्टूल द्यायचंय मला." आणि बटण पूर्ण फिरवलं.

अँपिअरचा काटा एकदम दोनाला जाऊन भिडला. वन्संनी पाय थांबवला, शिलाई मशीन गप्प झालं. एक मिनिट. दोन. पेटी गरम होऊ लागली, मग चांगलीच चटके देण्याइतकी. पाचव्या मिनिटाला काटा, कुणी हात न लावता, आपोआप खाली यायला लागला. तापणारी गोष्ट तापली की मागणं कमी करते, तसा. काउंटरवरचे आकडे चढले, उतरले, परत चढले, आणि चढता चढता एका जागी थबकले. पिनेवरचा दिवा विझला.

"गेली वाटतं," वन्सं म्हणाल्या.

मीटरबाई आकडे बघत होती. ते हलत नव्हते. पहिल्यांदाच हलत नव्हते. दिवा लागला की सगळं ठीक, असं ती धरून चालली होती. बनवणाऱ्यानं उलट ठेवलं होतं: शोध चालू तोवर दिवा, सापडलं की अंधार.

आता दुसरी गोष्ट. काउंटर एक कोटी दाखवत नव्हता. दोननं कमी दाखवत होता.

म्हणजे पेटी खरी असेल तर तिचा काउंटर खोटा होता. एक कोटीला दोन म्हणजे गाड्यांचे सेट ज्या पंचेचाळीस कोटी हर्ट्झवर चालतात तिथं नव्वद. तिनं कागदावर दोनदा गुणाकार केला, उत्तर बदलेना. सातशे नव्हे, नव्वद. नियमाच्या पुष्कळ आत. पण शून्यही नव्हे.

आणि पेटी खरी, हे तरी कशावरून? भंगारातल्या अणूवर साहेब का विश्वास ठेवतील? तिनं जुना शॉर्टवेव्ह रेडिओ काढला. एक परदेशी केंद्र चोवीस तास फक्त वेळ सांगतं, नेमक्या त्याच एक कोटी हर्ट्झवर. एरियलच्या बाजूला पेटीच्या तारेचं टोक ठेवलं. दोन ताल एकमेकांवर पडले की फरक कानाला कळतो. फरक मोठा तर फडफड, लहान तर लाट. लाट आली. आवाज संथपणे फुगत होता, बसत होता. वन्संनी मनातल्या मनात आकडे मोजले, दोन फुगवट्यांच्या मधे त्या अठरापर्यंत गेल्या.

"हे चांगलं का वाईट?"

"साता समुद्रापलीकडचं केंद्र आणि ही भंगारातली पेटी, दोघांची एकमेकांना ओळख नाही, आणि दोघं एकच सांगतायत."

"मग हे दादाला ऐकव. लग्नात बँडवाल्यांना एवढं जमलं नव्हतं."

सोमवारी तिघंही गेली. वन्संनी शिलाई मशीनच्या पिशवीत पेटी घेतली, मीटरबाईनं रेडिओ. नवरा गणवेशात होता. "ऑफिसात मी तुला ओळखत नाही," असं त्यानं वाटेत दोनदा बजावलं, आणि दोन्ही वेळा जड सप्लाय त्याच्याच खांद्यावर होता.

साहेबांचं मशीन टेबलावर होतं, मानाच्या पाहुण्यासारखं. पिशवीतली पेटी पाहून ते म्हणाले, "ही असली वस्तू माझ्या मशीनला जोडायची नाही."

"जोडणारच नाही. तुमच्या मशीनच्या पाठीला त्याचा स्वतःचा एक कोटीचा ताल बाहेर येतो. तिथं फक्त ही तार लावू. आत काही जाणार नाही. फक्त ऐकायचं."

साहेबांनी सर्टिफिकेटकडे पाहिलं, मग दारात जमलेल्या तीन ड्रायव्हरांकडे, आणि मान हलवली.

तिनं आधी पेटी गरम होऊ दिली, दिवा विझेपर्यंत, आणि लाट ऐकवली. मग पेटीची तार काढून साहेबांच्या मशीनची तार एरियलपाशी ठेवली. रेडिओतून फडफड निघाली. पिंजऱ्यात पाखरू शिरल्यासारखी, सेकंदाला तेराच्या वर. न शिकलेल्या कानालाही कळेल अशी.

"एक कोटीला साडेतेरा," मीटरबाई म्हणाली. "पंचेचाळीस कोटीला सहाशे दहा होतात. त्यात माझे नव्वद मिळवा, की तुम्हाला दिसलेले सातशे होतात."

मग दारातला शिपाई घसा खाकरून म्हणाला, "साहेब, मशीन वर आणताना जिन्यात एकदा हातातून सुटलं होतं. पण फार नाही. दोनच पायऱ्या."

साहेब बराच वेळ फडफड ऐकत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. तोही सर्टिफिकेट बघायला शिकला होता, मशीन बघायला नाही. शेवटी त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा, वाद नको. दुसरं पत्र करू. दोन्ही बाजूंच्या उपकरणांत काही तफावत आढळली, असं मोघम. तुम्ही सही करा, मी करतो. यादीचं बघू नंतर."

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. करून टाक, असं त्याच्या डोळ्यांत होतं. आणि करणार नाहीस, हेही त्याला माहीत होतं.

"मोघम नको," ती म्हणाली. त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून ती लिहायला बसली. अक्षर तिचं कधीच चांगलं नव्हतं. आज ती एकेक अक्षर कोरत होती. माझ्या काउंटरमध्ये एक कोटीला दोनची चूक आढळली. त्यामुळे चाळीस सेट प्रत्येकी नव्वद हर्ट्झनं चुकले आहेत. हे नियमाच्या आत आहे, तरी मी ते विनामोबदला जुळवून देईन. सातशेची चूक माझी नाही. खाली सही ठोकली, एवढी मोठी की वन्संनी मान तिरकी करून पाहिली.

साहेबांनी वाचलं. "नव्वदचं कशाला लिहिलंत? कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारलं होतं."

"फाइलीत या असल्या पत्राला रकाना नाही."

"रकाना आखा. मला पोच द्या, शिक्क्यासकट."

"तुम्ही पोच घेतल्याशिवाय जाणार नाही, असं दिसतंय."

"मला आज दुसरं काम नाही. वन्संना एक कोट उद्या द्यायचाय, पण त्या सुईदोरा घेऊन आल्यात."

वन्संनी पिशवीतून खरोखरच सुईदोरा काढला.

साहेबांनी त्या बाहेरच्या कंपनीला फोन लावला आणि सेट न्यायला आज गाडी पाठवू नका, असं सांगितलं. मग शिपायाला शिक्का आणायला पिटाळलं. टाइप केलेलं पत्र तिनं टेबलावर ठेवलं होतं, मोकळ्या रेघेसकट. त्यांनी ते उचलून दोनदा फाडलं. जरा रागानंच फाडलं, पण फाडलं.

"नाव यादीत आहे," ते म्हणाले. "चाळीस सेट किती दिवसांत कराल?"

"दिवसाला पाच. आठ दिवस."

"सुरुवात कुठल्या गाडीपासून?"

मीटरबाईनं मागं वळून दारातल्या ड्रायव्हरांकडे पाहिलं. त्यातला एक, जो तिला ऑफिसात ओळखत नव्हता, परत खांद्यावर घेतलेला सप्लाय सावरत दुसरीकडेच बघत होता.

"त्या माणसाच्या," ती म्हणाली. "आणि त्याला सांगा, गाडी धुऊन आणायची."